जनगणनेत न सापडलेलं कुटुंब: गिरणगावातल्या एका घराचा सहा पिढ्यांचा माग

इंग्लंडमधल्या कापड गिरणीत राबलेल्या माणसाचा पणतू घरबसल्या १८५१ ची जनगणना उघडतो आणि त्याला पणजोबाचं घर, शेजारी, वय, धंदा, जन्मगाव सगळं एका पानावर मिळतं. तिथे १८४१ पासून घरोघरच्या याद्या जपल्या गेल्या आणि शंभर वर्षं झाली की त्या लोकांसाठी खुल्या होतात. ते बघून आपल्याकडची माणसंही हल्ली विचारतात, की १८८१ पासून दर दहा वर्षांनी आपल्याकडेही शिरगणती झाली, मग आमच्या पणजोबांचं पान कुठे मिळेल?

ते मिळत नाही. इंग्रजी अमलात प्रगणकांनी भरलेली घरोघरची पत्रकं आकडे काढून होईपर्यंतच ठेवली जात आणि मग नष्ट होत. उरले ते छापील अहवाल. तालुक्यात माणसं किती, कोणत्या धंद्यात किती, कोणत्या जातीची किती, हे त्यांत सापडतं, पण तुमचा माणूस सापडत नाही. स्वातंत्र्यानंतरच्या पत्रकांना १९४८ च्या जनगणना कायद्याचं कलम १५ लागू आहे. ती पाहण्याचा हक्क कोणालाही नाही आणि दिवाणी दाव्यात ती पुरावा म्हणून चालत नाहीत. त्यामुळे माहितीच्या अधिकारात जनगणना कार्यालयाकडे आजोबांचं पत्रक मागणं म्हणजे दहा रुपये वाया घालवणं.

याला एक मोठा अपवाद आहे आणि या प्रकरणाची किल्ली तीच ठरली. तिच्याकडे पुढे येऊच.

हे नमुना-प्रकरण आहे. कोकणातून मुंबईच्या गिरण्यांत आलेल्या कुटुंबांचा माग काढताना ज्या अडचणी हमखास येतात, त्या एका घरात एकत्र मांडल्या आहेत. माणसांची आणि गावाची नावं मुद्दाम दिलेली नाहीत. नोंदी कशा वाचायच्या, हा इथला विषय आहे.

हातात काय होतं

नातू डोंबिवलीत राहतो. त्याचे वडील आणि आजोबा दोघेही गिरणी कामगार. आजोबा साचेखात्यात (कापड विणण्याच्या खात्यात) होते आणि १९७० च्या सुमाराला निवृत्त झाले. वडील आधी बदली (गैरहजर माणसाच्या जागी घेतला जाणारा कामगार) म्हणून लागले, नंतर कायम झाले, आणि १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा हजेरीपटावर होते. मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यात, संगमेश्वर तालुक्यात. घरात सांगितली जाणारी गोष्ट एकच: ‘आजोबा प्लेगच्या सालात मुंबईला आले.’ आजोबांच्याच नावावर गावी खोताची (गावचा सारा गोळा करणाऱ्या वतनदाराची) जमीन कुळाने होती, असंही सांगतात.

प्रश्न तीन होते. गिरणीत लागलेला पहिला माणूस कोण? गावातलं मूळ घर कोणतं? आणि १९०० च्या मागे जाता येतं का?

घरातली गोष्ट पहिल्याच आकडेमोडीत अडकते. मुंबईत प्लेग आला १८९६ च्या सप्टेंबरात. त्या साली वीस वर्षांचा असलेला माणूस १९७० च्या सुमाराला गिरणीतून निवृत्त होऊ शकत नाही. म्हणजे वर्ष तरी चुकलं आहे किंवा माणूस तरी. तरीही अशी गोष्ट खोटी म्हणून टाकून देऊ नये. सहसा ती खरी असते, फक्त भलत्या पिढीला चिकटलेली असते.

तोंडी आठवणींना वर्ष लावण्यासाठी काही खुंट्या उपयोगी पडतात: १८९६ चा प्लेग, १९१८ ची मानमोडी (इन्फ्लुएन्झाची साथ), १४ एप्रिल १९४४ चा गोदीतला स्फोट, १७ जुलै १९४७ ला बुडालेली रामदास बोट, ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप. ‘तुमचं वय किती’ असं विचारलं तर म्हातारं माणूस अंदाज सांगतं. ‘रामदास बुडाली तेव्हा तुम्ही शाळेत जात होता की कडेवर होता’ असं विचारलं तर उत्तर दोन वर्षांच्या आत येतं.

आधी घरातला ट्रंक

गिरणी कामगारांच्या घरांत एक वंशावळ आयती तयार असते आणि ती कोणाच्या लक्षात येत नाही. ती म्हणजे म्हाडाच्या घरासाठी केलेल्या अर्जाची फाइल. १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर गिरणीत असलेल्या कामगारांना आणि त्यांच्या वारसांना अर्ज करता आला. कामगार हयात नसेल तर वारस दाखला लागला, आणि वारस दाखल्यासाठी प्रतिज्ञापत्रावर कुटुंबातली सगळी माणसं लिहावी लागली. या फाइलमध्ये वडिलांचा तिकीट नंबर, खातं, भविष्यनिर्वाह निधीचा क्रमांक, ईएसआयचं कार्ड आणि आजीच्या मृत्यूचा दाखला असं सगळं एका दोरीत मिळालं.

भविष्यनिर्वाह निधीचा कायदा १९५२ चा, आणि ज्या सहा उद्योगांना तो आधी लागू झाला त्यांत कापडधंदा होता. म्हणून १९५२ नंतर गिरणीत असलेल्या माणसाचं नामनिर्देशनपत्र निघण्याची शक्यता चांगली असते. नामनिर्देशनात बायको, मुलं, कधी म्हातारी आई, प्रत्येकाचं वय आणि गावचा पत्ता असतो. आजोबांच्या पत्रावर वारस म्हणून आईचं नाव होतं, वडिलांचा उल्लेख नव्हता. त्यावरून १९५२ पूर्वी पणजोबा वारले असावेत असा अंदाज बांधता येतो, खात्री नाही.

गिरणीतल्या वयावर मात्र विसंबू नये. १९२२ पासून कारखान्यात बारा वर्षांखालच्या मुलाला कामाला लावता येत नसे, आणि पंधरापर्यंत मुलाला निम्मेच तास मिळत. त्यामुळे पोराला जॉबरकडे (कामगार भरती करणाऱ्या मुकादमाकडे) नेताना वय वाढवून सांगणं हा सर्रास प्रकार होता. या प्रकरणात गिरणीच्या हिशोबाने आजोबांचा जन्म १९११ चा. प्रत्यक्षात तो तीन वर्षांनी पुढे निघाला.

चाळीतली भाडेपावती, जुनं रेशनकार्ड (मुंबईत रेशनिंग १९४३ च्या मे महिन्यात सुरू झालं), बीडीडी चाळीत खोली असेल तर ती नावावर करून घेताना दिलेली कागदपत्रं, हे सगळं याच टप्प्यावर गोळा करावं. गावकऱ्यांच्या खोलीत दिवस काढलेल्यांनी गावच्या मुंबई मंडळाची वर्गणीवही अवश्य बघावी. माणूस गिरणीत कोणत्या आडनावाने होता आणि गावात कोणत्या, याचा मेळ बहुतेक वेळा तिथेच बसतो. इथे तीन आडनावं निघाली: गिरणीत गावाच्या नावाला ‘कर’ लावलेलं, शाळेत वाडीवरून पडलेलं, आणि गावच्या दप्तरात आडनावच नाही.

वडिलांचं वय: तीन कागद, तीन उत्तरं

वडिलांचा शाळा सोडल्याचा दाखला सांगतो १ जून १९४६. महाराष्ट्रातल्या जुन्या दाखल्यांवर १ जून दिसला की ती मास्तरांनी दिलेली तारीख समजावी. शाळा जूनमध्ये भरायची, पोराला आणून उभं करायचे, मास्तर चेहरा बघून वर्ष ठरवायचे आणि तारीख १ जून लिहायचे. दाखल्यावर थांबू नये. तो शाळेच्या जनरल रजिस्टरवरून उतरवलेला असतो, आणि उतरवताना ‘पूर्वीची शाळा’, ‘पालकाचा व्यवसाय’ यांसारखे रकाने गळतात. मूळ पानाची नक्कल मागावी. मुंबईच्या शाळेतल्या मूळ पानावर ‘पूर्वीची शाळा’ या रकान्यात गावच्या शाळेचं नाव होतं. त्यावरून गावच्या शाळेचं रजिस्टर सापडलं, आणि तिथे पालकाच्या जागी पणजीचं नाव निघालं, कारण आजोबा मुंबईत होते.

आता ती किल्ली. १९५१ च्या जनगणनेच्या वेळी, प्रगणकांनी भरलेल्या चिठ्ठ्यांवरून गावोगाव एक वेगळं रजिस्टर उतरवून ठेवलं गेलं: नागरिकांचं राष्ट्रीय रजिस्टर. आसामातल्या वादामुळे हे नाव आता सगळ्यांना माहीत झालं, पण रजिस्टर देशभर झालं होतं. महाराष्ट्रात जिथे ते टिकलं आहे तिथे ते तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात मिळतं. अलीकडे कुणबी नोंदी शोधताना प्रशासनाने जी जुनी दप्तरं उघडली, त्यांच्या यादीत खासरा पत्रक, पाहणी पत्रक, कुळ नोंदवही यांच्या जोडीला १९५१ चं हे रजिस्टरही होतं. त्यामुळे काही तालुक्यांत ते आता स्कॅन झालेलं सापडतं. आपल्याकडच्या सामान्य कुटुंबाला मिळू शकणारं जनगणनेचं पान ते हेच.

ते नावाने लावलेलं नसतं, घर क्रमांकाने असतं. म्हणून शोध नावाने करू नये. आधी वाडी धरावी आणि मग ओळीने घरं वाचत जावं. एका घराची नोंद समजा अशी दिसते: कुटुंबप्रमुख म्हणून एक विधवा, वय ५८, शेती. तिच्याखाली सून, वय २८. नातू, वय ६. नात, वय २. मुलाचं नाव नाही.

मुलगा कुठे गेला? १९५१ ची गणना ९ फेब्रुवारी ते १ मार्च या काळातली. त्या वर्षी होळीची पौर्णिमा आली २३ मार्चला. शिमग्याला गावी जाणारे चाकरमानी तेव्हा मुंबईतच होते आणि मुंबईतच मोजले गेले. कोकणातल्या या रजिस्टरांत वीस ते पन्नास वयाचे पुरुष गायब असलेली घरं ओळीने लागतात. ‘आमचे आजोबा यादीत नाहीत, म्हणजे हे घर आमचं नव्हे’ असं म्हणून लोक पान उलटतात. खरं तर गिरणी कामगाराचं घर ओळखण्याची तीच खूण आहे.

या पानावरचा नातू म्हणजे आपल्या नातवाचे वडील. वय सहा, म्हणजे जन्म १९४४-४५ चा. शाळा म्हणते १९४६. तिढा सोडवला गाव नमुना १४ ने, म्हणजे जन्म-मृत्यूच्या नोंदवहीने. विदर्भात तिलाच कोतवाल बुक म्हणतात. १९४५ च्या मार्चमध्ये आजोबांच्या नावापुढे नुसतं ‘मुलगा’ असं लिहिलेलं मिळालं. मुलाचं नाव या वहीत शोधत बसू नये. बारसं बाराव्या दिवशी, आणि खबर पाटलाकडे त्याआधी, त्यामुळे बापाचं नाव, जात, मुलगा की मुलगी आणि तारीख एवढंच मिळतं. आईचं नावही बहुधा नसतं.

तीन कागद वेगवेगळं सांगतात तेव्हा घटनेच्या सर्वांत जवळ लिहिलेला कागद धरायचा. जन्माची वही काही दिवसांत लिहिलेली, रजिस्टर सहा वर्षांनी, शाळेची नोंद त्याच्याही नंतर. वडिलांचा जन्म मार्च १९४५, आणि १ जून ही मास्तरांची कृपा.

अर्ज कसा करायचा

इथे बहुतेकांचं घोडं अडतं, म्हणून जरा सविस्तर. ‘माझ्या पूर्वजांच्या सर्व नोंदी मिळाव्यात’ असा अर्ज केला की ‘अभिलेख आढळून येत नाही’ हे उत्तर ठरलेलं. अभिलेखपालाला पूर्वज शोधायचे नसतात, त्याला रुमाल (कापडात बांधलेला दप्तराचा गठ्ठा) काढायचा असतो. त्याला गाव, नमुना क्रमांक आणि वर्ष द्यावं: ‘मौजे अमुक, तालुका संगमेश्वर, गाव नमुना १४, सन १९४३ ते १९४७, या नोंदवहीची पाहणी करून आवश्यक पानांच्या प्रमाणित नकला मिळाव्यात.’ ‘पाहणी’ हा शब्द घालणं महत्त्वाचं आहे. स्वतः बसून पानं उलटली तर शेजारची नोंद दिसते, आणि माग बहुधा शेजारच्या नोंदीतच असतो.

साध्या नक्कल अर्जाने काम होत नसेल तर माहितीचा अधिकार आहेच. महाराष्ट्रात अर्जाला १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, नकलेला पानामागे २ रुपये. एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा. म्हणून जन्म-मृत्यू वहीचा अर्ज वेगळा, फेरफाराचा वेगळा. पाच-पाच वर्षांचे तुकडे पाडून मागितलं की नकार द्यायला जागा कमी उरते.

तालुका आणि जिल्हा त्या काळचा लिहावा. १ मे १९८१ ला सिंधुदुर्ग वेगळा झाला, त्यामुळे मालवण-कणकवलीकडच्यांच्या जुन्या कागदांवर जिल्हा रत्नागिरीच असतो. एकाच नावाची दोन गावं एका तालुक्यात असतात, ‘खुर्द’ आणि ‘बुद्रुक’ गळलेलं असतं. हे १९५१ च्या जिल्हा जनगणना पुस्तिकेतल्या गावांच्या यादीवरून आधीच तपासून घ्यावं. जनगणनेच्या छापील पुस्तकांचा खरा उपयोग होतो तो इथे.

जुने सातबारा आणि फेरफार बऱ्याच जिल्ह्यांत स्कॅन होऊन शासनाच्या ‘आपले अभिलेख’ संकेतस्थळावर आले आहेत. तिथे जुना सर्व्हे नंबर लागतो. आजचा गट नंबर टाकून १९५० चा फेरफार येणार नाही. आधी गट स्कीमचा जबाब (जुने सर्व्हे नंबर आणि नवे गट नंबर जुळवून देणारा कागद) किंवा आजच्या उताऱ्यावरचे फेरफार क्रमांक बघून मागे मागे जायचं.

पाच आणे चार पै

खोती संपली १९४९ च्या कायद्याने. त्यानंतरच्या वर्षांत कोकणात कुळांची नावं दप्तरी लागली, आणि १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनानंतर (कसणाऱ्या कुळाला मालक ठरवणारा दिवस) आणखी लागली. या काळातले फेरफार कुटुंबाच्या दृष्टीने सोन्याचे, कारण जमीन कोणाकडून कोणाकडे आली हे त्यांत लिहावंच लागतं.

या घराच्या जमिनीवर तीन नावं लागली: आजोबा, दुसरा एक पुरुष आणि एक बाई. प्रत्येकापुढे हिस्सा पाच आणे चार पै. रुपयाचे सोळा आणे, आण्याच्या बारा पै, आणि सोळा आण्यांचा तिसरा हिस्सा बरोबर पाच आणे चार पै. तीन समान हिस्से म्हणजे आदल्या पिढीत तीन भाऊ. नातं कुठेही लिहिलेलं नाही, ते हिश्शातून निघतं. एखाद्यापुढे दोन आणे आठ पै असते, तर त्या शाखेत दोन वारस झाले असं वाचायचं. कोकणातल्या सातबाऱ्यावर पन्नास-पन्नास नावं असतात म्हणून लोक वैतागतात. शोध घेणाऱ्याने खूश व्हावं, कारण वंशावळ आडवी मांडून ठेवलेली असते.

नावामागचे शब्दही काम करतात. ‘अमका बिन तमका’ किंवा ‘वलद तमका’ म्हणजे तमक्याचा मुलगा. ‘कोम’ किंवा ‘भ्रतार’ आलं की पुढचं नाव नवऱ्याचं. तिसऱ्या हिश्शातली बाई ‘भ्रतार’सह लिहिलेली होती, त्यामुळे तिसऱ्या भावाचं नाव मिळालं आणि तो तोवर वारल्याचंही कळलं.

तिघे सख्खे भाऊ की चुलत, याची खातरजमा कागदाबाहेर होते. भावकीत विचारायचं: सुतक कोणाकोणाचं पूर्ण दहा दिवस धरता? शिमग्यात पालखी आधी कोणाच्या घरी येते? सुतकाची हद्द म्हणजे भाऊबंदांची हद्द, आणि पालखीचा मान साधारण थोरल्या घराकडून धाकट्याकडे जातो. कागदावर आणि या दोन उत्तरांवर एकच झाड उभं राहिलं तर ते पक्कं. इथे राहिलं. मूळ घर धाकट्या शाखेच्या ताब्यात आहे, आणि मुंबईकरांची शाखा मधली निघाली. घरात मात्र पिढ्यान्‌पिढ्या ‘आम्ही थोरले’ असं सांगितलं जात होतं. हे पचवायला कुटुंबाला जमीन गेल्यापेक्षा जड जातं.

एक नाव, दोन माणसं

आता प्लेगच्या गोष्टीकडे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत खोती गावांची पाहणी झाली, तेव्हा बोटखत तयार झालं: कोणत्या नंबरात कोण कूळ, खोताला काय देतो, अर्धेल की तिर्धेल (पिकाचा अर्धा वाटा की तिसरा). या गावच्या बोटखतात आजोबांचं नाव होतं. तेच नाव, तीच वाडी. ‘आजोबांच्या नावावर जमीन होती’ हे घरचं बोलणं अशा रीतीने खरं ठरलं, आणि तरीही तो माणूस आजोबा असणं शक्य नव्हतं.

आपल्याकडे नातवाला वारलेल्या आजोबांचं नाव ठेवतात. एक पिढी सोडून नाव परत येतं. दोन पिढ्यांनंतर सांगणाऱ्याच्या डोक्यात ती दोन माणसं एकच होतात आणि मधला माणूस गळून पडतो. पूर्वजांच्या शोधात सर्वांत जास्त झाडं चुकतात ती इथे. ओळखायचं कसं? ‘बिन’च्या पुढचं नाव बघायचं. आजोबांच्या नावापुढे ‘बिन’ पणजोबा हवेत. बोटखतात तिसरंच नाव होतं. म्हणजे बोटखतातला माणूस आजोबांचा आजोबा, आपल्या नातवाचा खापरपणजोबा, आणि ‘बिन’च्या पुढचं नाव त्याच्या बापाचं. एका शब्दाने आणखी एक पिढी पदरात टाकली.

पडताळा दुसरीकडून आला. नमुना १४ च्या मृत्यूंच्या भागात १९१२ मध्ये त्याच नावाचा माणूस, वय अंदाजे ४५, कारण ‘ताप’. कारणाच्या रकान्यात ताप, हगवण, खोकला एवढंच असायचं, त्यातून निदान काढू नये. आणि १९१४ मध्ये पणजोबांच्या नावापुढे जन्म: ‘मुलगा’. हयात माणसाचं नाव सहसा नातवाला ठेवत नाहीत. बोटखतातला माणूस १९१२ ला गेला, त्याचा नातू १९१४ ला जन्मला, नाव परत आलं. आजोबांचा खरा जन्म १९१४ हेही इथेच नक्की झालं.

खापरपणजोबा १८६७ च्या आसपासचे. प्लेगच्या साली तिशीला आलेले. १८९६-९७ मध्ये मुंबईत होते का? ते सिद्ध करणारा कागद नाही, आणि त्या काळच्या बदली कामगाराचा हजेरीपट मिळण्याची आशा धरू नये. वंशावळीत ते ‘कुटुंबातील सांगणे’ असं लिहून ठेवावं आणि कागदाने सिद्ध झालेल्या ओळींपासून वेगळ्या शाईत. १९२१ ची मुंबईची जनगणना सांगते की शहरातल्या दर सहांतले साधारण पाच जण बाहेर जन्मलेले होते, आणि रत्नागिरी त्यात आघाडीवर. त्यामुळे गोष्ट अशक्य नाही, पण सरासरी हा कोणाचाही बाप नव्हे.

नावं आणखी एका बाबतीत बोलकी असतात. दगडू, धोंडू, केरू अशी नावं आधीची भावंडं दगावल्यावर ठेवत. असं नाव दिसलं की त्या जन्माआधीच्या चार-पाच वर्षांत मृत्यूंची पानं बघावीत. धोंडू मात्र अधिक महिन्यात, म्हणजे धोंड्यात जन्मलेलाही असू शकतो. तिथे पंचांग काढून बघता येतं, कारण अधिक मास साधारण बत्तीस-तेहतीस महिन्यांनी येतो आणि वर्षं मोजकीच उरतात.

मोडीची अडचण

विसाव्या शतकाच्या सुरुवातीची पानं बहुतांश मोडीत आहेत. पैसे देऊन वाचून घेणं सोपं, पण शिकणं फार अवघड नाही. राज्याचं पुराभिलेख संचालनालय मोडीचे अल्पमुदतीचे वर्ग घेतं, आणि नमुना १४ वाचायला पूर्ण मोडी यावी लागत नाही. आकडे, महिन्यांची नावं, गावातली वीस-पंचवीस नावं आणि पाच-सहा आजारांची नावं ओळखता आली की पान चालतं. मोडीत वेलांटी एकाच तऱ्हेची, उकारही एकाच तऱ्हेचा, आणि दोन शब्दांत जागा सोडलेली नसते. त्यामुळे ‘रामा’ आणि ‘राया’, ‘सोनू’ आणि ‘सानू’ यांत गल्लत होते. वाचणाऱ्याला अपेक्षित नाव आधी सांगू नये. सांगितलं की त्याला तेच दिसायला लागतं.

तारखांचं गणित ध्यानात ठेवावं. शके असेल तर ७८ मिळवायचे, आणि तारीख १ जानेवारीनंतरची, म्हणजे साधारण पौषापासून फाल्गुनापर्यंतची असेल तर ७९. फसली साल मृगाला, जूनमध्ये बदलतं. जून ते डिसेंबर ५९० मिळवायचे, जानेवारी ते मे ५९१. हे न केल्याने बापाच्या मृत्यूनंतर दीड वर्षाने मुलगा जन्मल्यासारखी झाडं तयार होतात. मराठवाड्यातल्यांसाठी गणित वेगळं. तिथे निजामाच्या अमलातलं दप्तर उर्दूत, आणि १९५० नंतरचं खासरा पत्रक हा पहिला आधार.

बायका कुठे गेल्या

या झाडात पणजीचं नाव १९५१ च्या रजिस्टरात आहे, पण ते सासरचं. लग्नात नाव बदललेलं, माहेरचं नाव कुठेच नाही. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानंतर परिस्थिती सुधारते. भाऊ किंवा बाप वारला की वारसाच्या फेरफारात बहिणी-मुलींची नावं, बहुधा सासरच्या नावासह येतात. त्यामुळे आजीचं माहेर शोधायचं तर आजीच्या कागदात शोधू नये. तिच्या भावाच्या गावी १९५६ नंतरचा वारसाचा फेरफार किंवा हक्कसोडपत्र शोधावं. आजीच्या बाबतीत ते मिळालं. पणजीच्या बाबतीत तिचा भाऊ १९५६ पूर्वी वारला असल्याने वाट बंद झाली. तिचं माहेर कोणतं हे भावकीतल्या एका म्हातारीने सांगितलं, ते तिच्या नावानिशी आणि तारखेसह लिहून ठेवलं.

जमीन नसलेल्या घरांसाठी हा सगळा क्रम उलटा लावावा लागतो. बलुतेदारांचा माग बलुत्याच्या हक्कनोंदीत, महार वतनदारांचा वतनाच्या दप्तरात लागतो. ती वतनं १९५८ च्या कायद्याने खालसा झाली, तेव्हाच्या फेरफारांत हिस्सेदारांची नावं सापडतात. १९५६ नंतर बौद्ध झालेल्या कुटुंबांत शाळेच्या रजिस्टरात एका भावाची जात एक आणि धाकट्याची दुसरी असते, शिवाय आडनावही बदललेलं. तो एकाच घराचा पुरावा आहे, दोन घरांचा नव्हे.

काय उरलं

हाती लागलेली साखळी अशी: नातू, मार्च १९४५ चे वडील, १९१४ चे आजोबा, पणजोबा, १८६७ च्या सुमाराचे खापरपणजोबा आणि ‘बिन’च्या पुढे नुसत्या नावाने उभा असलेला त्यांचा बाप. त्याच्या मागे जायचं तर खोताच्या घरचं खासगी दप्तर लागेल. तिथे कुळांच्या बेरजा असतील, पण ते दाखवायचं की नाही हे खोताच्या वारसांच्या मर्जीवर. नाशिकला अस्थी नेल्या असतील तर तिथल्या क्षेत्रोपाध्यायांच्या वह्या गाव आणि जात सांगून विचारून बघाव्यात, पण गिरणी कामगाराच्या घरून नाशिकपर्यंत कोणी गेलं होतं का, हे आधी घरात विचारावं.

पणजोबांचा मृत्यू गावच्या वहीत नाही. तिसऱ्या भावाचाही नाही. घरात ‘मानमोडीत गेले’ म्हणतात. १९१८ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात मुंबईत मृत्यू इतके झाले की घाईच्या नोंदींत बापाचं नाव गळणं, गाव नुसतं ‘रत्नागिरी’ लिहिणं हे व्हायचंच. या नोंदी महानगरपालिकेच्या विभागवार दप्तरात शोधायच्या. लालबाग-परळ-शिवडी असेल तर एफ दक्षिण, वरळी-लोअर परळ असेल तर जी दक्षिण. नोंद तारखेच्या क्रमाने असते, नावाच्या नव्हे, म्हणून चाळीचा पत्ता कळल्याशिवाय अर्ज करू नये. तो पत्ता मंडळाच्या जुन्या वर्गणीवहीत असण्याची शक्यता सर्वाधिक, आणि ती वही सध्या गावच्या देवळातल्या पेटीत आहे. पेटी उघडते शिमग्याला.